तुझ्या नावावरचा कॅमेरा

दादा, तुझा कॅमेरा काही केल्या रीसेट झाला नाही.

तुला जाऊन दीड महिना झाला. लोक विचारतात, सावरलीस का? मी हो म्हणते. खरं सांगायचं तर नीट रडायलाही सवड मिळाली नाही. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे गेले आणि माझी रजा संपली. मागं उरली आई, तिच्या गोळ्यांचा डबा, आणि टीव्हीच्या वरच्या फळीवर बसलेला तुझा तो पांढरा गोळा. मान फिरवणारा, निळा दिवा लावून आईच्या पलंगाकडं बघत बसणारा.

सध्या मी आईकडंच राहते. सकाळी सहाच्या एसटीनं कन्नडला जायचं, शाळा करायची, आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं परत यायचं. घरात पाऊल ठेवते तेव्हा सात वाजलेले असतात. हे आणि पोरगी कन्नडला आपापलं करून खातात. मंदाबाई सकाळी येते, आईची अंघोळ, जेवण उरकते आणि एकला जाते. एक ते सात आई एकटी. तेवढ्या वेळासाठी मला तो कॅमेरा माझ्या फोनवर हवा होता. मधल्या सुट्टीत आई दिसावी, तिला ‘आई, गोळी घेतलीस का’ म्हणता यावं, एवढंच.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. तू लावताना मी बघितलं होतं, किती पटकन लावला होतास. माहितीपत्रकात लिहिलंय, गोळ्याची मान वर करा, खाली बारीक छिद्र दिसेल, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबा, दिवा लाल होईल. मी पिन घातली. दहा मोजले, वीस मोजले. दिवा निळाच. सिमकार्ड काढायची सुई घातली, कानातल्या रिंगेचं टोक घातलं. वायर काढून पुन्हा लावली, चार्जर बदलला, आतलं मेमरी कार्ड काढलं, दाबून धरूनच वीज चालू केली. एक दिवस तर दोन मिनिटं दाबून धरलं, अंगठा पांढरा पडला. निळा तो निळाच. फोनमध्ये त्याचा कोड स्कॅन केला तर पाटी यायची, हा कॅमेरा आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे. खाली तुझ्या नंबरचे शेवटचे दोन आकडे.

तुझा फोन माझ्याकडंच होता. कंपनीच्या माणसानं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आणून दिला होता. फोन, चष्म्याचं घर, कंगवा, घरच्या किल्ल्या. ‘लॉकरमधल्या वस्तू आहेत,’ म्हणाला. त्या शब्दावर मी तेव्हा विचार केला नाही. फोनला नऊ ठिपक्यांचं कुलूप. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर काढून बघितलं, आईच्या नावाचं काढलं. मग फोन म्हणायला लागला, अर्ध्या तासानं प्रयत्न करा. मग एक तासानं. मग मी तो कपाटात ठेवून दिला.

कॅमेऱ्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक मुलगी बोलली, फार गोड आवाज.

“मॅडम, डिव्हाइस ज्यांच्या नावावर आहे, त्यांना त्यांच्या रजिस्टर नंबरवरून फोन करायला सांगा.”

“ते वारले.”

तिकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “ओके मॅडम. मग ते कधी उपलब्ध होतील?”

ती बिचारी समोरचा कागद वाचत असणार. मी फोन ठेवला आणि तिथंच खुर्चीत बसून राहिले. आईनं विचारलं, “कुणाचा फोन व्हता?” म्हटलं, “कुणाचा नाही.”

आपलं शेवटचं भांडण याच कॅमेऱ्यावरून झालं होतं, तुला आठवत असेल. दिवाळीला मी आले होते. आई साडी बदलत होती आणि तो गोळा तिच्याकडं मान वळवून बसलेला. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “दादा, हे काय? तिला लाज आहे, तिची खोली आहे ती. आणि कॅमेरा काय तिला पाणी देणार आहे?”

तू म्हणालास, “मग तू येऊन दे पाणी.”

मी त्यावर तीन आठवड्यांचा हिशेब काढला. मी आईला कन्नडला नेलं होतं, ती रोज दुपारी चप्पल घालून ‘माझ्या घरी जाते’ म्हणून रस्त्याला लागायची, दोनदा बसस्टँडवरून परत आणली, ते सगळं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, “झालं ना मग? तुझ्याकडं राहत नाय, इथं मी एकटा. बघतो मी फोनवर. दिवसभर बघतो. तू नको काळजी करू.” मी रागानं फराळाचा डबा न घेताच निघाले. दुसऱ्या दिवशी फोन करणार होते. मग म्हटलं, तोच करील. तूही तेच म्हणाला असशील. नंतर बोललो आपण, नाही असं नाही. गॅसचा नंबर लावला का, आईचा चष्मा झाला का. त्या भांडणाकडं मात्र दोघंही परत गेलो नाही.

या दीड महिन्यात आईचं एक नवीनच सुरू झालं होतं. संध्याकाळी मी आले की ती सांगायची, “शोभा बोलली आज. म्हणली, आई, पाणी प्या.”

शोभावहिनी तुला सोडून लासूर स्टेशनला माहेरी गेली त्याला अडीच वर्षं झाली. ती कुठून बोलणार? पण आई तशी तिच्या सासऱ्यांशीही बोलते, आणि तिच्या सासऱ्यांना आपण दोघांनीही कधी बघितलेलं नाही. मी म्हणायचे, “बरं, प्यायलीस का मग पाणी?”

“व्हय, प्याले की.”

आणि तांब्या खरोखर रिकामा असायचा. ते मी बघत होते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू भर दुपारी वर आल्या आणि त्यांनी न्हाणीतला नळ बंद केला. पाणी पार दिवाणखान्यापर्यंत आलं होतं. मी विचारलं, “काकू, तुम्हाला कसं कळलं?” त्या म्हणाल्या, “वाटलं आपलं, बघून यावं.” आणि माझ्या नजरेला नजर न देता खाली गेल्या.

गेल्या रविवारी मी कॅमेऱ्याचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. काकूंना आईजवळ बसवलं, गोळा पर्समध्ये घातला आणि क्रांती चौकात गेले. दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या बोळात एक अरुंद दुकान आहे, भिंतीवर दहा-बारा कॅमेरे टांगलेले. दाढी पिकलेला एक माणूस होता. त्यानं गोळा हातात घेतला, उलटा केला, पिन घातली, कानाजवळ धरून ऐकलं. मग चार स्क्रू काढून आत बघितलं.

“बाजी, बटन मर गया इसका,” तो म्हणाला. “आप पिन दबाते, पर अंदर कुछ लगताच नै.”

“नवीन बटण बसेल का?”

“बैठेगा. पर फायदा नै. जिसके नाम पे है ना, उसकेच नाम पे रहेगा. वो आदमी खुद निकाले तो निकलता. किसके नाम पे है?”

“भावाच्या.”

“तो भाई को बोलो ना, दो मिनिट का काम है.”

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला समजलं असावं. स्क्रू परत लावताना तो एकदम हळू लावत होता. “नया लेलो बाजी,” एवढंच म्हणाला. त्याच्याकडं तसा नवीन नव्हता, चार दिवसांनी येईल म्हणाला. मी गोळा पर्समध्ये टाकून परत आले.

घरी आई बेचैन होती. रिकाम्या फळीकडं बघत होती. “ते कुठं नेलं गं? आन आता बोलायचं कसं मग?” मी म्हटलं, चार दिवस राहू दे जुनाच, निदान हिचं समाधान. काकू खाली गेल्या. मी स्टूलवर चढले, वायर खोचली. गोळ्यानं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं मान फिरवली आणि निळा दिवा लागला. मी तो नीट बसवत होते, तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर, तेवढ्यात त्याच्यातून आवाज आला.

“आई? काय झालं वो? बारा वाजल्यापासून बंद होतं. बऱ्या आहात ना?”

दादा, मी स्टूलवरून पडायचीच बाकी होते. फळी धरली घट्ट. आवाज ओळखायला वेळ लागला नाही. तिकडं तिलाही माझं तोंड दिसलं असणार, एवढ्या जवळून. मग अगदी बारीक आवाजात,

“ताई?”

मागून पलंगावरून आई म्हणाली, “बघ. मी म्हणलं नव्हतं? बोलती ती. पर तुला माझं खरं कधी वाटलं?”

वहिनी घाईघाईनं बोलायला लागली. “मी बंद करते ताई. तुम्हाला चालत नसेल तर आत्ता काढून टाकते माझ्या फोनमधून. मी उगं...”

“थांबा,” मी म्हटलं. “काढू नका. आधी सांगा, केव्हापासून?”

दोन वर्षांपासून, दादा. तुझ्या कंपनीत आत फोन चालत नाही. सकाळी गेलं की फोन लॉकरला, तो सुटल्यावरच हातात. पिशवी देताना तो माणूस हेच म्हणाला होता, लॉकरमधल्या वस्तू. आणि तू मला दिवाळीला सांगत होतास, दिवसभर बघतो. कॅमेरा लावल्यावर सहाच महिन्यांनी आई दुपारी मोरीत पडली आणि तुला संध्याकाळी कळलं, हेसुद्धा मला वहिनीकडून कळलं. मला तू सांगितलं होतंस, उंबऱ्याला ठेच लागली. त्या दिवशी तू वहिनीला फोन केलास.

“ते म्हणाले, परत ये म्हणत नाही,” वहिनी सांगत होती. “नुसतं दुपारचं बघशील का, म्हणाले. दवाखान्यात दुपारी बसूनच असते मी. हो म्हटलं. त्यांनी त्यांच्या खात्यावरून कॅमेरा माझ्या फोनलाही जोडून दिला. काकूंचा नंबर दिला, काही झालं तर त्यांना फोन करायचा म्हणून. काकूंना मीच सांगितलं होतं, ताईंना माझं नाव सांगू नका. त्यांच्यावर रागावू नका.”

“आणि दादा गेल्यावर?”

मागं कुठं तरी लहान मूल रडत होतं.

“मला कुणी बंद कर म्हणलं नाही,” ती म्हणाली.

मी स्टूलवर तशीच बसले. आईनं पलंगावरून हाक मारली, “शोभे, ईलास आला का गं?”

दादा, तुझ्याबद्दलचा हा प्रश्न आई मलाही विचारते. पहिल्यांदा विचारला तेव्हा मी तिला जवळ घेऊन खरं ते सांगितलं. तिनं हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा तसाच हंबरडा फोडला, जणू पहिल्यांदाच ऐकत होती. असं मी सहा वेळा केलं. मला वाटायचं, आईशी खोटं कसं बोलायचं? पोटचा गेला, ते तिला कळायला नको का? सहा वेळा तिचा मुलगा मी मारला. आता तिनं विचारलं तेव्हा मी स्टूलवरून उठायला लागले. आणि त्या यंत्रातून वहिनी म्हणाली, अगदी रोजचं बोलावं तसं,

“नाही आले अजून, आई. ओव्हरटाइम लागलाय त्यांना. उशीर होईल म्हणाले. तुम्ही पडा जरा.”

“बरं,” म्हणून आई भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. पाच मिनिटांत झोपली.

मी तुझ्यावर त्या दिवशी फार चिडले. तू असतास तर फोन करून ओरडले असते. दोन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत होतात आणि मी नातेवाइकांत सांगत फिरत होते की तिनं माझ्या भावाला आणि म्हाताऱ्या आईला टाकलं. तू एकदा तरी मला थांबवायचं होतंस. की तुला भीती वाटली, मी त्यातही काही खोट काढीन? काढली असती, दादा. मला मी माहीत आहे. तू ओळखून होतास मला, एवढंच त्यातून निघतं, आणि ते ऐकून घ्यायला तू समोर नाहीस.

तुझ्या मातीला ती आली होती. जिन्यात उभी होती, पदर तोंडाला लावून. आत ये म्हणावं असं एकालाही वाटलं नाही. माझी तिची नजरानजर झाली आणि मी मान फिरवली. परत बघितलं तेव्हा जिना रिकामा होता.

आणि त्याच्या मागची एक गोष्ट, जी तुझ्याशीही मी कधी बोलले नाही. आईच्या पाटल्या. आईचं विसरणं तेव्हा नुकतं सुरू झालं होतं, आपल्याला ते कळलंही नव्हतं. तिनं मला फोन केला, “सुले, माझ्या पाटल्या शोभानं घेतल्या.” मी दुसऱ्याच दिवशी आले. तू कामावर होतास. मी वहिनीला म्हटलं, कपाट उघडून दाखवा. तिनं उघडलं. मी तिच्या साड्यांच्या घड्या उलगडून बघितल्या. तिच्या माहेरच्या साड्या, तिचे आतले कपडे, तिच्या आईचा एक फोटो होता त्याच्या मागंसुद्धा. काही सापडलं नाही, तरी माझा संशय गेला नाही. आठवड्यानं तुझा फोन आला, “सुलभा, पाटल्या सापडल्या. पिठाच्या डब्यात होत्या.” मी म्हटलं, “बरं झालं.” आणि विचारलं, “तिकडं पाऊस आहे का?” तू म्हणालास, “आहे थोडा.” पुढच्या महिन्यात वहिनी गेली.

काल शनिवार. शाळा सकाळची होती. मी शहराकडं न येता दोन जीप बदलून लासूर स्टेशनला गेले. लहान मुलांच्या दवाखान्यात ती वजनं घेते, औषधं समजावून सांगते. मला दारात बघून ती उठून उभी राहिली. हातात कुणाचं तरी तान्हं होतं. म्हणाली, “बसा ताई, एवढं झालं की आले.” मी आयांच्या रांगेत बाकावर बसले. दीड वाजता पेशंट संपले. तिनं डबा उघडला आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून समोर उभा केला, रोज करत असावी तसा.

त्यात आई होती. पहिल्यांदाच मी तिला अशी बघत होते. पलंगावर बसून एक टॉवेल घडी करत होती. घडी झाली की उलगडायची, झटकायची, पुन्हा करायची.

“हे असं तासभर चालतं,” वहिनी म्हणाली. “तोवर काही लागत नाही त्यांना.”

मी फोनकडंच बघत बोलले, तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती. म्हटलं, “वहिनी, पाटल्या पिठाच्या डब्यात होत्या. मला तेव्हाच कळलं होतं. दादानं सांगितलं होतं. मी तुम्हाला फोन करायला पाहिजे होता. तुमचं कपाट मी उघडायला लावलं, ते चुकलं माझं. फार चुकलं.”

ती घास हातात धरून बसली होती. तो तिनं डब्यात परत ठेवला.

“पाटल्या त्या डब्यात मला आधीच सापडल्या होत्या,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तुम्ही कपाट बघून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. भाकरीला पीठ काढताना हाताला लागल्या. काढून आणून दिल्या असत्या तर तुम्ही म्हणाला असतात, घाबरून परत ठेवल्या. म्हणाला असतात ना?”

मी हो म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“मग मी तशाच राहू दिल्या. वरवरचं पीठ घ्यायचे रोज. म्हटलं, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सापडू दे. सहा दिवसांनी त्यांनी डबा उचलला दळणासाठी, तेव्हा सापडल्या. ते हसत हसत सांगायला आले मला. मी म्हटलं, हो का. तेव्हाच ठरवलं होतं जायचं.”

दादा, तुला हे माहीत होतं का? तिनं कधी सांगितलं तुला? मी विचारलं नाही. तिनंही मला माफ केलं वगैरे काही म्हटलं नाही, आणि मी त्याची वाट बघितली नाही. तिनं घास उचलला, खाल्ला, डबा माझ्याकडं सरकवला. बटाट्याची भाजी होती. मी तिच्या डब्यातली अर्धी पोळी खाल्ली. मग ती कामाचं बोलायला लागली. आई दुपारी पाणी फार कमी पितात, तांब्या उशाशी ठेवा, लांब असला की उठत नाहीत. निळी गोळी मंदाबाई कधी कधी विसरते. चार वाजता खिडकीतून ऊन थेट तोंडावर येतं, पडदा अर्धा ओढून जात जा. मी पर्समधून वही काढून लिहून घेत होते. माझ्या आईबद्दलचं सगळं, आणि माझ्यासाठी सगळं नवीन.

निघताना म्हणाली, “गुरुवारी दवाखाना बंद असतो. गुरुवारी आले तर चालेल का?”

मी म्हटलं, “घर तुमचंच आहे.” बोलून झाल्यावर मला त्याची लाज वाटली. हे वाक्य अडीच वर्षं उशिरा बोलत होते, आणि तुझा फोटो भिंतीवर लागल्यावर.

जीपमध्ये बसल्यावर खूप दमायला झालं. आजवरचं सगळं दमणं त्या एका सीटवर उतरलं असं वाटलं. मी खिडकीला डोकं टेकवून रडले. शेजारच्या बाईनं आपली पिशवी माझ्या पायाजवळून उचलून मांडीवर घेतली. तुझ्यासाठी रडले की माझ्यासाठी, ते सांगता येणार नाही. पण दीड महिन्यात पहिल्यांदा रडले.

नवीन कॅमेरा मी घेत नाही. हा तुझ्या नावावर आहे तोवर वहिनीला दिसतो, मला दिसत नाही. मी रोज मधल्या सुट्टीत तिला फोन करीन आणि ती मला माझ्या आईचं सांगेल. दुकानदार म्हणाला तसं त्याचं बटण मेलंय. मी तीन आठवडे जे दाबत होते ते एकदा जरी लागलं असतं, तरी वायफाय पुसलं जाऊन वहिनीकडचं चित्र गेलं असतं, आणि तिच्याकडं ते होतं हे मला कधी कळलंही नसतं. तिनंही विचारलं नसतं.

इथवर लिहून मी वही मिटली होती. आज गुरुवार, म्हणून पुन्हा उघडली.

दुपारी मी शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. वहिनीचा फोन आला. “ताई, मी पोहोचले. आईंना तुमच्याशी बोलायचंय.” मग आईचा आवाज, कितीतरी दिवसांनी असा खणखणीत.

“सुले, अगं शोभा आलीय. लासूरवरून आलीय उन्हाची. तिला जेवायला काय करू?”

आईनं गेल्या वर्षभरात गॅस पेटवलेला नाही. पण विचारत होती अगदी पहिल्यासारखं, पदर खोचून उभी असावी तसं. मी म्हणणार होते, कर तिला आवडतं ते. आणि थांबले. सहा वर्षं वहिनी त्या घरात रांधत होती. सणावाराला मी येऊन तिच्या हातचं खाऊन जात होते. तिला काय आवडतं ते मला माहीत नाही, दादा. ते तुला माहीत होतं.

“सांग की,” आई म्हणाली. “लई भूक लागली आसंल तिला.”

मी म्हटलं, “आई, तिलाच विचार. आणि मलाही सांग.”

फोन तसाच चालू राहिला. तिकडं आई विचारत होती, आणि मी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवून ऐकत होते.